फारोची स्वप्ने आणि योसेफाची कोठारे

स्वप्नाला अर्थ असतो, ही समजूत प्राचीन मिसर देशात केवळ भोळ्या जनांपुरती नव्हती. इ. स. पूर्व चौदाव्या शतकाच्या सुमारास चौथा थुतमोस या फारोने गीझाच्या स्फिंक्सच्या पंजांमध्ये शिलालेख उभारला व स्वप्नात आपणास राज्याचे आश्वासन मिळाल्याचे त्यात कोरविले. देर अल्-मदीना या कारागिरांच्या वसाहतीतील, इ. स. पूर्व तेराव्या शतकातला स्वप्नशास्त्राचा एक पपायरस लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. अमुक स्वप्न पडले तर फळ शुभ की अशुभ, याची त्यात ओळीने यादी आहे. ‘अशुभ’ हा शब्द तेवढा तांबड्या शाईने लिहिलेला आहे.

बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकातील योसेफाची कथा याच देशात घडते. मिसरी लेखांत योसेफाचे नाव आढळत नाही. तथापि त्या देशाचे जीवन या कथेत स्पष्ट उमटले आहे. कनान देशातील याकोबाचा हा लाडका पुत्र. भावांच्या पेंढ्या आपल्या पेंढीला नमन करीत आहेत, असे स्वप्न १७ वर्षांच्या योसेफाने पाहिले व ते भावांनाच सांगितले. मत्सराने पेटलेल्या भावांनी चांदीच्या २० तुकड्यांना त्याला विकून टाकले. मिसरात तो गुलाम झाला आणि खोट्या आरोपावरून तुरुंगात पडला. तेथे त्याने राजाचा प्यालेबरदार आणि आचारी यांच्या स्वप्नांचा उलगडा केला. सुटका झालेला प्यालेबरदार मात्र दोन वर्षे त्याला विसरून राहिला.

पुढे फारोला स्वप्ने पडली. सात पुष्ट गाईंना सात रोड गाईंनी गिळले. सात भरदार कणसांना सात करपलेल्या कणसांनी गिळले. दरबारच्या पंडितांना अर्थ लागेना, तेव्हा योसेफाला बोलावणे आले. अर्थ सांगणे आपल्या हाती नसून देवाच्या हाती आहे, असे त्याने प्रथमच सांगितले. तुरुंगातून सुटू पाहणाऱ्या माणसाने स्वतःचे महत्त्व वाढविण्याची संधी अशी सोडावी, यात त्याची साधना दिसून येते. सात वर्षे सुकाळ, नंतर सात वर्षे दुष्काळ, हा अर्थ सांगून तो थांबला नाही. सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठवावा, असा सल्लाही त्याने दिला. भविष्य कळले की मनुष्य मोकळा होत नाही, उलट कर्तव्याने बांधला जातो, हा या प्रसंगाचा पहिला बोध होय.

नाईलचा पूर उणावला की मिसरात उपासमार ठरलेलीच असे. सेहेल बेटावरील टॉलेमींच्या काळातील शिलालेखातही सात वर्षांच्या दुष्काळाची स्मृती कोरलेली आहे. वयाच्या ३० व्या वर्षी अधिकारी झालेल्या योसेफाने कोठारे भरली. दुष्काळात धान्य मागण्यास आलेले भाऊ त्याच्यापुढे वाकले आणि बालपणीचे स्वप्न खरे झाले. पण त्याने सूड घेतला नाही. भावांनी वाईट योजिले, देवाने त्यातून अनेकांचे प्राण राखले, असा त्याने आपल्या दुःखाचा अर्थ लावला. पेंढीचे ते स्वप्न मोठेपणाचे नव्हते. ते अन्न देण्याचे होते.

तथापि ही कथा आपल्या नायकाचीही दुसरी बाजू झाकत नाही. धान्यासाठी प्रजेने प्रथम पैसा दिला, मग गुरे दिली, शेवटी जमिनी आणि स्वतःचे देहही दिले. पुरोहितांच्या जमिनी वगळता सारी भूमी फारोची झाली. लोक जगले, पण परस्वाधीन होऊन.

पुढील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या आरंभी योसेफाला न ओळखणारा नवा राजा येतो. तो याकोबाच्या वंशजांना वेठीस धरून पिथोम व रामसेस ही नगरे बांधून घेतो. आणि ही नगरे कोठारांचीच होती. ज्या कोठारांनी एका पिढीचे प्राण वाचविले, तशाच कोठारांच्या विटा पुढच्या पिढ्यांना वाहाव्या लागल्या. स्वप्न संकटाची सूचना देते. संकट निवारताना दुर्बलाचे स्वातंत्र्य कसे राखावे, हे मात्र ते सांगत नाही. ते जागेपणीच्या विवेकावर सोपविलेले असते.