रानम्हैस (कोलामार्का–एटापल्ली परिसर)

रानम्हैस (शास्त्रीय नाव ब्युबॅलस आर्नी) : महाराष्ट्रात फक्त गडचिरोली जिल्ह्यात उरलेला वन्य पशू. राज्यातला तिचा शेवटचा कळप एटापल्लीच्या दक्षिणेस, सिरोंचा वनविभागाच्या कमलापूर वनपरिक्षेत्रात, कोलामार्काच्या जंगलात आहे. पूर्वेला इंद्रावती नदी आणि तिच्यापलीकडे छत्तीसगडचे इंद्रावती राष्ट्रीय उद्यान. नदी दोन राज्यांची सीमा असली तरी जंगल दोन्ही तीरांवर सलग आहे, त्यामुळे कोलामार्काच्या म्हशींचा विचार पलीकडच्या म्हशींना सोडून करता येत नाही.

पूर्ण वाढलेला रेडा खांद्यापाशी दीड मीटरहून उंच असतो व त्याचे वजन हजार किलोच्याही पुढे जाऊ शकते. शिंगांचा पल्ला आज हयात असलेल्या कोणत्याही गोवंशीय प्राण्याहून मोठा. लांबून पाहणारा तिला गावची म्हैसच समजतो. जवळून पाहिल्यावर मात्र गुडघ्याखालचे मळकट पांढरे पाय, गळ्याखालचा फिकट पट्टा, भरदार अंग आणि बुडाशी जाड, दूरवर पसरलेली शिंगे लगेच ओळखू येतात. तिला उंच गवत लागते आणि डुंबायला बारमाही पाणी. मादीला साधारण दहा-अकरा महिन्यांच्या गाभणकाळानंतर एकच रेडकू होते, म्हणून घटलेला कळप भरून यायला फार वर्षे लागतात.

उन्हाळ्यात नाले आटले की जे मोजके डोह उरतात, तिथेच गावची गुरेही येतात. धोक्याचे मूळ या डोहांवर आहे. लाळ्या-खुरकुतासारखे रोग पाळीव गुरांकडून रानम्हशींत शिरतात. एकेकाळी बुळकांडीने देशभरच्या रानगुरांचे असेच हाल केले; तो रोग २०११ मध्ये जगातून संपला, पण रोग पसरण्याची वाट बुजलेली नाही. दुसरा धोका संकराचा. पाळीव म्हशींशी संबंध आला की वन्य रक्त पातळ होत जाते. शिकार झाली नाही, जंगल उभे राहिले, कळपातली डोकीही तेवढीच भरली, तरी काही पिढ्यांत रानम्हैस नाहीशी होऊ शकते. नामशेष होण्याची ही रीत नुसत्या मोजदादीत दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत रानम्हैस संकटग्रस्त आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश आहे. जगात त्या ४,००० हूनही कमी आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य आसाममध्ये, मुख्यतः काझीरंगा व मानस येथे. परिणामी मध्य भारतातला शेवटचा कळप संपला तरी यादीतल्या जातीचे स्थान कदाचित बदलणारही नाही. संवर्धनाचा अग्रक्रम केवळ जातीवरून ठरवला तर कोलामार्का मागे पडते. तो स्थानिक समूहावरून ठरवला तर कोलामार्का महाराष्ट्रात अगदी वरच्या ओळीत यायला हवे. एका भागातून जात पुसली जाणे म्हणजे काय, हे याच मुलखाने पाहिले आहे. जेर्डनचा धाविक हा पक्षी एकोणिसाव्या शतकात ब्लॅनफर्डने सिरोंच्याच्या आसपास नोंदवला होता. पुढे तो सर्वत्र नामशेष मानला गेला आणि १९८६ मध्ये आंध्रातील कडप्पा जिल्ह्यात पुन्हा सापडला. सिरोंच्यात तो परतला नाही.

छत्तीसगडच्या उदंती अभयारण्याचा अनुभव याहून थेट आहे. तिथे आशा ही एकच मादी उरली आणि नर मात्र अनेक. तिच्या पेशींपासून कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत डिसेंबर २०१४ मध्ये क्लोन पारडी जन्माला घातली गेली. पुढे २०२० मध्ये मानसहून रानम्हशी छत्तीसगडच्याच बारनवापारा अभयारण्यात आणल्या गेल्या. प्रयोगशाळेत एक जनावर तयार होऊ शकते, कळप नाही. डोह कुठे आहेत, पाणी कधी आटते, वाघ आला तर रेडकांभोवती कसे उभे राहायचे, हे पारडी आईमागे चालत शिकते.

कोलामार्काचे १८०.७२ चौ. किमी क्षेत्र २०१३ मध्ये संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. ही तरतूद २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. अशा क्षेत्रात लोकांचे हक्क कायम राहतात आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. माडिया गोंडांच्या गावांमध्ये ही रचना योग्यच म्हणावी लागेल, कारण गुरे कुठे चारायची आणि कोणता डोह रानम्हशींसाठी सोडायचा, हे अखेर गावानेच ठरवायचे असते. उत्तरेला एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची ३४८.०९ हेक्टरची खाण आहे. ताडोबा ते इंद्रावती हा वाघांचा जाण्या-येण्याचा पट्टा याच जिल्ह्यातून जातो. त्यामुळे रस्ते आणि मालवाहतूक वाढताना कोलामार्का एकाकी बेट होऊ नये, याची काळजी आत्ताच घ्यायला हवी.

तातडीची कामे तशी साधी आहेत : भोवतालच्या गावांतील सर्व गुरांचे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी लसीकरण, कोलामार्काच्या सीमेवर पाळीव रेडे मोकाट न सोडण्याबाबत ग्रामसभांशी करार, गुरांसाठी गावालगत वेगळे पाणवठे, शेणाच्या नमुन्यांवरून जनुकीय तपासणी, आणि इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवर दोन राज्यांनी एकाच वेळी केलेली गणना.