सारथ्य प्रकाशाचे : घरगुती डायोड लेझरची पूर्वपीठिका

डायोड लेझरचा इतिहास बहुधा प्रकाशाची कथा म्हणून सांगितला जातो. कोणत्या साली कोणी कोणत्या रंगाचा किरण मिळवला, याच्या नोंदी सहज सापडतात. त्या किरणामागच्या वीजपुरवठ्याचा उल्लेख मात्र ओझरता येतो. आम्हांला हा क्रम उलटा करून पाहावासा वाटतो. प्रवाहाला आवर घालणे जसजसे साधत गेले, तसतसा हा लेझर प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात आणि तेथून हौशी कारागिराच्या टेबलावर आला. घरी लेझर बांधताना ड्रायव्हर कोणता घ्यावा आणि बॅटरी कोणती, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नात हा सारा इतिहास सामावलेला आहे.

सप्टेंबर १९६२मध्ये अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकातून पहिला अर्धवाहक लेझर मिळवला. तो अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा होता. लगेच पुढच्या महिन्यात त्याच कंपनीच्या सिरॅक्यूज येथील निक होलोनियाक यांनी दृश्य तांबडा किरण मिळवला. हॉल यांना तरुणपणी दुर्बिणी घडवण्याचा नाद होता. काच घासूनपुसून चकचकीत करण्याचा तो सराव स्फटिकाच्या कडा आरशासारख्या करताना कामी आला. हौशी कारागिरीचे या शोधाशी असलेले नाते असे जुने आहे.

पण या यशाला मोठी अट होती. स्फटिक द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवावा लागे आणि दर चौरस सेंटिमीटरला हजारो अँपिअर इतका दाट प्रवाह त्यातून सोडावा लागे, तोही क्षणिक स्पंदांच्या रूपात. असा प्रवाह अखंड वाहू दिला, तर उष्णतेने स्फटिकच निकामी होई. १९६३मध्ये हर्बर्ट क्रोमर आणि झोरेस अल्फेरोव्ह यांनी स्वतंत्रपणे सुचवलेल्या भिन्न अर्धवाहकांच्या थरांनी ही कोंडी फोडली. १९७०मध्ये लेनिनग्राडला अल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील हायाशी व पॅनिश यांनी सामान्य तापमानाला अखंड चालणारा लेझर सिद्ध केला. प्रवाहाची गरज घटली आणि प्रकाश स्थिरावला.

मग बाजाराने त्याला उचलले. १९८२मध्ये सीडी आली, १९९६मध्ये डीव्हीडी. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर जांभळ्या-निळ्या प्रकाशाचा लेझर डायोड घडवला आणि त्यातून ब्लू-रेची वाट मोकळी झाली. तबकडीवर लिहिणाऱ्या यंत्रांना जोरकस डायोड लागत. ती यंत्रे भंगारात निघू लागली, तेव्हा त्यांतले डायोड हौशी मंडळींच्या हाती पडले. डायोड मिळाला, त्याला सांभाळणारे मंडल मात्र यंत्रातच राहिले. घरगुती लेझरची खरी अडचण येथून सुरू होते.

‘ड्रायव्हर’ या शब्दाने आपल्या मनात गाडीचा चालक उभा राहतो. येथे ‘सारथी’ हा शब्द अधिक जुळतो, कारण बळ घोड्यांचे असते आणि लगाम सारथ्याच्या हाती. डायोडवरचा विद्युतदाब किंचित वाढला, तरी प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. डायोड तापला, की तोच दाब त्यातून अधिक प्रवाह ढकलतो आणि अधिक प्रवाहाने तो आणखी तापतो. म्हणून ड्रायव्हरने दाब नव्हे, तर प्रवाह स्थिर ठेवायचा असतो.

हौशी कारागिरांचा जुना सोबती म्हणजे १९७६मध्ये नॅशनल सेमिकंडक्टरने आणलेला एलएम३१७. तो आपल्या दोन टोकांमध्ये १.२५ व्होल्टचा फरक कायम राखतो. तेथे ५ ओहमचा रोध जोडला, की प्रवाह २५० मिलिअँपिअरवर थांबतो. पण या सारथ्याची दक्षिणा मोठी आहे. डायोडला लागणाऱ्या दाबाखेरीज सुमारे ३ व्होल्ट त्याला स्वतःसाठी हवे असतात.

बॅटरीची निवड या हिशेबानंतरच होऊ शकते. सोनीने १९९१मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन घटाचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भारित असताना ४.२. तांबड्या डायोडला सुमारे ३ व्होल्ट धरले, तर एलएम३१७सह ६ व्होल्ट लागतात. असे दोन घट पुरतात. जांभळ्याला सुमारे ५ व्होल्ट लागतात, म्हणजे एकूण ८. तेथे दोन घट थोड्याच वेळात अपुरे पडतात. मग तिसरा घट घ्यावा, किंवा दाब चढवून प्रवाह स्थिर राखणारा ड्रायव्हर. संरक्षक मंडल नसलेले लिथियम घट मात्र टाळावेत. लघुमंडल झाल्यास ते पेट घेऊ शकतात.

ड्रायव्हरची परीक्षा डायोडवर घेऊ नये. काही साधे डायोड आणि १ ओहमचा रोध एका ओळीत जोडून खोटा भार करावा. रोधावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. खरा डायोड जोडण्यापूर्वी ड्रायव्हर बंद करून त्याच्या धारित्रातला साठा रिकामा करावा. तो एका झटक्यात डायोडमध्ये शिरला, तर किरणाची वाट असलेली कडाच जळते.

डायोड गेला तर दुसरा मिळतो. डोळा मिळत नाही. ५ मिलिवॅटच्या वरचा किरण धोकादायक वर्गात मोडतो आणि भंगारातला तांबडा डायोड शंभर मिलिवॅटच्याही पुढे जाऊ शकतो. पापणी मिटेपर्यंत दृष्टिपटल भाजलेले असते. चकचकीत पृष्ठभागावरून परतलेला किरणही तितकाच घातक. जांभळा किरण तर डोळ्याला मंद भासतो आणि म्हणूनच अधिक फसवतो. त्या त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा ही पहिली खरेदी असावी.

म्हणून आमच्या मते निवडीचा क्रम असा असावा : आधी चष्मा, मग डायोड, त्याला सोसेल तेवढा प्रवाह, तो राखणारा ड्रायव्हर आणि शेवटी बॅटरी. नवखा कारागीर बहुधा बॅटरीपासून, म्हणजे बळापासून, आरंभ करतो. १९६२मध्येही बळ मुबलक होते. ते आवरण्याची रीत सापडायला पुढची आठ वर्षे लागली.