आयरिश फिडल : शैली गजात वसते

फिडल म्हणजे आपले नेहमीचे व्हायोलिनच. आयरिश लोकसंगीतात त्याचे वेगळेपण वादनात आहे, आणि त्या वेगळेपणाचा मोठा भाग उजव्या हाताचा, म्हणजे गजाचा आहे.

आधी धुनेची रचना पाहू. बहुतेक नृत्यधुना दोन भागांच्या असतात. प्रत्येक भाग आठ मापांचा, आणि तो दोनदा वाजतो. रीलची चाल चार ठोक्यांची. जिगच्या मापात तीन-तीनचे दोन गट, स्लिप जिगमध्ये तीन. एवढ्या आटोपशीर, ठरलेल्या चौकटीत विस्ताराला जागा नसते. वादकाचे कसब दिसते ते अलंकारांत आणि गज फिरवण्यात.

समजा, धुनेत एक लांब स्वर आला. ‘रोल’ घेणारा वादक त्याच गजात मूळ, वरचा, मूळ, खालचा आणि पुन्हा मूळ असे पाच स्वर झरकन काढतो. ते काम डाव्या बोटांचे. ‘ट्रेबल’ घेणारा मनगटाच्या झटक्याने तोच स्वर तीन तुटक गजांत वाजवतो. धून तीच, पण पहिल्याची वाहती लागते, दुसऱ्याची खडी.

या निवडींतून प्रादेशिक शैली घडल्या. आपल्या घराण्यांसारख्याच त्या कानाला लगेच ओळखू येतात. मात्र त्यांची नावे जिल्ह्यांची किंवा मुलखांची. डोनेगलचे फिडलवादक जॉन डोहर्टी गावोगाव फिरून पत्र्याचे काम करत. तिथला गज तुटक आणि ठाशीव; हंगामी मजुरीमुळे स्कॉटलंडशी आलेला संबंध तिथल्या धुनांत उमटला आहे. स्लायगोचे वादन चपळ आणि रोलांनी भरलेले. कॉर्क-केरीच्या सीमेवर पॉरिक ओ’कीफ पोल्का आणि स्लाइड या नृत्यधुना शिकवत. शिष्यांना धुना देताना ते तारा आणि बोटांच्या आकड्यांची स्वतःची लिपी वापरत. पूर्व क्लेअरची लय संथ; १९६२ साली जन्मलेल्या मार्टिन हेज यांनी ती जगभर नेली.

प्रादेशिक शैलींच्या या समतोलाला धक्का दिला तो ग्रामोफोनने. स्लायगोचे मायकेल कोलमन (१८९१–१९४५) १९१४ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९२१ पासून त्यांच्या तबकड्या निघू लागल्या. त्या मायदेशी पोचल्या आणि इतर जिल्ह्यांतले वादकही स्लायगोच्या वळणावर वाजवू लागले. टारबोल्टन, लाँगफर्ड कलेक्टर आणि सेलर्स बॉनेट हे तीन रील त्यांनी १९३४ मध्ये ज्या क्रमाने ध्वनिमुद्रित केले, त्याच क्रमाने आजही बैठकींत वाजतात.

तबकड्यांच्याही आधी, शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ’नील यांनी १९०३ मध्ये १,८५० धुनांचा संग्रह छापला. त्यातून धून मिळते. पण गज कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, हे वादकाकडूनच उचलावे लागते. म्हणून या परंपरेत पुस्तकापेक्षा वादक मोठा. कोलमन यांनी तिला प्रतिष्ठा दिली, पण त्यांच्या छायेत इतर वळणे झाकोळली, हेही तितकेच खरे. नव्या श्रोत्याने एकट्या कोलमनवर थांबू नये; लगोलग डोहर्टी ऐकावेत, आणि लक्ष गजावर ठेवावे.