अपठित उताऱ्यांनी वाचन येत नाही

दिवाळीची सुट्टी संपली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या मराठी माध्यमाच्या शाळांत दहावीचं इंग्रजी एकाच कामाला लागतं: अपठित उतारे सोडवणं. मुलं त्याला ‘अनसीन’ म्हणतात. शाळेत एक, क्लासला एक, घरी सराव संचातला एक. वर दीडेकशे शब्दांचा उतारा. खाली चौकटी भरा, चूक की बरोबर, समानार्थी शब्द शोधा, थोडं व्याकरण आणि शेवटी ‘तुमचं मत लिहा’. नेरळपासून खोपोलीपर्यंत कुणालाही विचारा, शिक्षकांना, क्लासवाल्यांना, पालकांना, उत्तर एकच मिळतं: उतारे जितके जास्त सोडवाल तितकं वाचलेलं जास्त समजेल. हे मत इतकं रुळलेलं आहे की ते तपासून पाहायची कुणाला गरजच वाटत नाही. मला ते मुळातच चुकीचं वाटतं, आणि त्याची किंमत नेमकी तीच मुलं मोजतात ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण त्यात तथ्य नाही असं नाही. दहावीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित उताऱ्याला 10 गुण असतात आणि त्यावरच्या सारांशाला 5. शिवाय पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांचे प्रश्नही त्याच घाटाचे. ज्या मुलाने असा प्रश्न कधी पाहिलाच नाही, तो परीक्षेत गोंधळतो, वेळ घालवतो. शिक्षकाच्या हातात आठवड्याच्या मोजक्या तासिका, वर्गात पन्नास-साठ मुलं, घरी इंग्रजीचा गंध नाही. अशा वेळी उतारा हे हाताशी असलेलं, तपासायला सोपं आणि गुण मिळवून देणारं साधन आहे. त्यामागे एक तत्त्वही आहे: वाचून समजणं हे कौशल्य आहे, आणि कौशल्य सरावाने येतं. गणितं सोडवून गणित येतं, मग उतारे सोडवून वाचन का येऊ नये?

माझा आक्षेप याच उपमेवर आहे. त्रैराशिकाची वीस उदाहरणं सोडवली की एकविसावं सुटतं, कारण रीत तीच राहते, फक्त आकडे बदलतात. उताऱ्यांचं तसं नसतं. सोमवारी पेंग्विन, मंगळवारी राइट बंधू, बुधवारी मधुमेह. पेंग्विनचा उतारा वाचून जे कळलं ते राइट बंधूंच्या उताऱ्यात कामाला येत नाही. एका उताऱ्यातून दुसऱ्यात जाते ती एकच गोष्ट: उत्तर हुडकण्याची युक्ती. प्रश्नातला मोठा शब्द घ्यायचा, उताऱ्यात तो कुठे आहे ते पाहायचं, ते वाक्य उचलून लिहायचं.

ही युक्ती किती दूर नेते ते मराठीतच पाहता येईल. हे वाक्य वाचा: ‘काल संध्याकाळी टिपळ्या घुरंगाने ओढ्याकाठी तीन सांबुळ्या झिरपटल्या.’ आता प्रश्न. घुरंग कसा होता? त्याने काय झिरपटलं? किती? कुठे? कधी? पाचही उत्तरं तुम्ही बिनचूक द्याल आणि पैकीच्या पैकी गुण घ्याल. वाक्याला मात्र काही अर्थच नाही, ते मी आत्ता रचलं. मराठीचं व्याकरण तुमच्या अंगात मुरलेलं आहे म्हणून उत्तरं देता आली.

दहावीच्या वह्यांत नेमकं हेच दिसतं. उताऱ्यात वाक्य होतं: ‘द व्हिलेजर्स अबँडन्ड देअर फील्ड्स आफ्टर द ग्लेशियर श्रँक.’ प्रश्न होता, गावकऱ्यांनी शेतं का सोडली? मुलीने स्वच्छ अक्षरात ‘बिकॉज’ लिहून उरलेला तुकडा जोडला. शेजारी लाल शाईतली बरोबरची खूण. तिला विचारलं, शेतं सोडली म्हणजे काय झालं गं? ती म्हणाली, ‘सर, गाववाले शेतावर गेले असतील.’ हिमनदी आक्रसली की खालच्या शेतीचं पाणी तुटतं, हे तिला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. अशी मुलगी आणखी शंभर उतारे सोडवील, खुणाही मिळवील आणि तिथेच राहील.

वाचून समजण्यात वाचकाचं आधीचं ज्ञान किती काम करतं, हे अमेरिकेत डोना रेश्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 साली एका सुंदर प्रयोगात दाखवलं. सातवी-आठवीची 64 मुलं घेतली. काही चांगली वाचणारी, काही कच्ची. दोन्ही गटांत काहींना बेसबॉल चांगला माहीत, काहींना नाही. सगळ्यांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाच्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. बेसबॉल माहीत असलेली कच्ची मुलं खेळ माहीत नसलेल्या हुशार वाचकांच्या पुष्कळ पुढे गेली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी कबड्डी ठेवा. बोनस रेषा आणि लोना ज्याला ठाऊक आहे तो रायगडातला पोरगा कबड्डीवरचा इंग्रजी उतारा अडखळत का होईना, पार करील. शब्दकोश पाठ केलेल्या पण मैदान न पाहिलेल्या मुलाला तो जमणार नाही.

दुसरी बाजू शब्दांची. हू आणि पॉल नेशन यांनी 2000 साली मांडलं की मदतीशिवाय मजकूर समजायचा तर बहुतेक वाचकांना त्यातले 98 टक्क्यांच्या आसपास शब्द आधीच माहीत असावे लागतात. दीडशे शब्दांच्या उताऱ्यात याचा अर्थ तीन अनोळखी शब्द. आपल्या मुलांना तीस अडतात. तीस शब्द अडलेल्या उताऱ्यावर सराव होतो तो फक्त अंदाज बांधण्याचा.

डॅनियल विलिंगहॅम या मानसशास्त्रज्ञाने वाचनयुक्त्यांवरचे अभ्यास एकत्र ठेवून दाखवलं आहे की मुख्य मुद्दा शोधणं, स्वतःला प्रश्न विचारणं या गोष्टींचा फायदा होतो, पण तो थोड्याच तासिकांत मिळून जातो. पुढे कितीही तास घाला, भर पडत नाही. म्हणून मी उतारे बंद करा म्हणत नाही. प्रश्नांचा घाट ओळखीचा व्हायला जानेवारीतले दोन-तीन आठवडे पुरतात. महिनोन्‌महिने त्यात घालवण्याला कसलाच आधार नाही.

इथे हमखास चीनचं उदाहरण येतं. तिथली मुलं उताऱ्यांवर उतारे सोडवतात, म्हणून पुढे जातात. चीनच्या ‘गाओकाओ’ या प्रवेशपरीक्षेत 750 पैकी 150 गुण इंग्रजीला असतात, त्यात आकलनाचा वाटा मोठा आहे, आणि मुलं ढिगाने प्रश्नसंच सोडवतात, हे खरंच आहे. पण त्याच चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या 2011च्या अभ्यासक्रम-निकषांत आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे आणि ती इकडे कुणी सांगत नाही: नववी संपेपर्यंत विद्यार्थ्याचं पाठ्यपुस्तकाबाहेरचं इंग्रजी वाचन एकूण दीड लाख शब्दांच्या वर जावं. आता आपला हिशेब करा. रोज दीडशे शब्दांचा एक उतारा, असे शंभर दिवस, म्हणजे 15 हजार शब्द. चीनने निव्वळ अवांतर वाचनाला ठेवलेल्या मापाचा हा दहावा हिस्सा. शिवाय आपले 15 हजार शंभर वेगवेगळ्या विषयांत विखुरलेले.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे आज दहावीत बसलेल्या मुलाचं इंग्रजीचं हे दहावं वर्ष. ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीने 2023 साली देशातल्या ग्रामीण भागात 14 ते 18 वयाच्या मुलांकडून इंग्रजी वाक्यं वाचून घेतली. 57.3 टक्क्यांना ती वाचता आली आणि त्यांतल्या जेमतेम तीन चतुर्थांशांना अर्थ सांगता आला. त्याच वयोगटातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूरही सलग वाचता येत नव्हता. ही शेवटची गोष्ट माझ्या मते सगळ्यांत गंभीर आहे. आपल्या डोंगरपट्ट्यातल्या कातकरी आणि ठाकर मुलांना ती फार जवळून लागू पडते. त्यांच्या घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी, आणि इंग्रजी त्याहून पलीकडची. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, परततात ती पावसाच्या तोंडावर. वर्गात उताऱ्यांचा धडाका लागतो तेव्हा ही मुलं गावातच नसतात. त्यांचा भूगोल, विज्ञान, इतिहास बुडालेला असतो, म्हणजे उतारा ज्याच्या आधाराने समजायचा तोच आधार गेलेला असतो. त्यांच्या हातात सराव संच देऊन तो भरून निघणार नाही.

मग करायचं काय, असा रास्त प्रश्न शिक्षक विचारतील. याचं उत्तर मला फिजीच्या खेड्यांतल्या एका कामात सापडतं. एली आणि मांगुभाई यांनी 1983 साली ते प्रसिद्ध केलं. पुस्तकांची वानवा असलेल्या आठ ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजीतली 250 सचित्र गोष्टींची पुस्तकं दिली. मुलांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. कुठे मुलं नुसती गुपचूप वाचायची, कुठे शिक्षक वाचून दाखवून बोलायचे. आठ महिन्यांत या मुलांचं वाचन आणि ऐकून समजणं नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या दुप्पट वेगाने वाढलं, आणि पुढच्या वर्षी तो फायदा भाषेच्या इतर अंगांतही उतरला. प्रश्नोत्तरांचा घाणा तिथे नव्हता.

‘आमच्याकडे पुस्तकं कुठली?’ ही अडचण दहा-पंधरा वर्षांपूर्वी खरी होती. आज ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर पायरीपायरीची गोष्टींची पुस्तकं फुकट मिळतात, आणि कितीतरी गोष्टी मराठीतही आहेत, इंग्रजीतही. तीच गोष्ट आधी मराठीत वाचलेल्या मुलाला इंग्रजीत वाचताना अर्थासाठी चाचपडावं लागत नाही. शाळेला एक प्रिंटर पुरतो. नेरळच्या पलीकडच्या वाड्यांवर मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून छापील प्रतच बरी.

मोठ्या मुलांसाठी मी एक मांडणी सुचवतो. उतारे विखुरलेले न ठेवता महिनाभर एकच विषय धरावा आणि तो आपल्या मातीतला घ्यावा. जुलैत भात. राब भाजणं, रोप काढणं, लावणी हे सगळं मुलांनी हाताने केलेलं असतं. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या वाणांची नावं घरात बोलली जातात. यावर मराठीत एक तास बोलावं, मग सोप्या इंग्रजीत आठ-दहा छोटे मजकूर वाचावेत. बियाणं, चिखलणी, कीड, बाजारभाव. चौथ्या मजकुरापर्यंत तेच वीस-पंचवीस शब्द इतक्या वेळा येतात की वेगळे पाठ करावे लागत नाहीत. त्यानंतर पाणी: लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाट उतरून 1915 पासून खोपोलीत वीज कशी करतं. मग रेल्वे: 1863 साली बोरघाट चढलेली गाडी, आणि आजही लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जोडली जाणारी इंजिनं, जी इथल्या मुलांनी लहानपणापासून पाहिली आहेत. जानेवारीत माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल, कारण 2 जानेवारीला सिद्धगडावर त्यांना वाहिलेली आदरांजली मुलांच्या कानावर असते. अशा चार-पाच विषयांनंतर हिमनदी आणि पेंग्विनकडे जावं, तेही भूगोलाच्या शिक्षकांना सोबत घेऊन.

परीक्षेचं काय, हा पालकांचा प्रश्न उरतो. पाचवा प्रश्न, ‘तुमचं मत लिहा’, पाहावा. उत्तर हुडकण्याची युक्ती तिथे चालत नाही, म्हणून बहुतेक वह्यांत ती जागा कोरी असते किंवा गाईडातलं वाक्य उतरवलेलं असतं. सारांशाचे 5 गुणही तसेच जातात, कारण न समजलेल्या मजकुराचा सारांश करता येत नाही. ज्या गुणांसाठी हा सारा आटापिटा आहे ते गुणसुद्धा समजण्यातच अडकलेले आहेत. तेव्हा येत्या जूनमध्ये नववीच्या वेळापत्रकातली इंग्रजीची एक तासिका निव्वळ वाचनाला द्यावी, तिच्याखाली एकही प्रश्न लिहू नये, आणि वर्षअखेर त्या मुलांकडून पाचव्या प्रश्नाची उत्तरं लिहून घेऊन ती मागच्या तुकडीच्या वह्यांशेजारी ठेवून पाहावीत.