बेस गिटारचे रंग आणि उत्पादनाचे अनुत्तरित आकडे

जुन्या बेस गिटारच्या बाजारात एकाच वर्षी, एकाच कारखान्यात तयार झालेल्या दोन वाद्यांच्या किमतींत केवळ रंगामुळे मोठी तफावत पडते. लाकूड तेच, पिकअप तेच आणि आवाजही जवळपास तोच. तरीही सर्वत्र आढळणाऱ्या सनबर्स्ट रंगाच्या वाद्यापेक्षा क्वचित दिसणाऱ्या निळ्या, गुलाबी किंवा हिरव्या वाद्यासाठी संग्राहक बरीच अधिक रक्कम मोजतात. ही अधिक किंमत दुर्मिळतेची असते. मात्र एखाद्या रंगाची नेमकी किती वाद्ये तयार झाली, हे सांगणारी अधिकृत आकडेवारी बहुतेक वेळा उपलब्धच नसते.

विजेवर चालणाऱ्या बेस गिटारला व्यापारी यश मिळवून दिले ते अमेरिकेतील फेंडर कंपनीने. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे तयार केलेला ‘प्रिसिजन बेस’ १९५१ मध्ये बाजारात आला. त्या वेळी त्याला लाकडाच्या रेषा दिसू देणारा फिकट पिवळसर ‘ब्लाँड’ रंग आणि काळे पिकगार्ड असे. १९५४ मध्ये कडेला गडद व मध्यभागी पिवळसर असा दुरंगी सनबर्स्ट हा प्रमाणित रंग झाला. १९५८ मध्ये त्यात तांबड्या छटेची भर पडून तिरंगी सनबर्स्ट आला. १९६० मध्ये आलेल्या ‘जॅझ बेस’चाही हाच प्रमाणित रंग होता.

सनबर्स्टच्या प्राबल्याचे एक कारण आवडीचे असले, तरी दुसरे व्यवहाराचे होते. प्रमाणित रंगासाठी वेगळे पैसे पडत नसत. अन्य रंग हवा असल्यास मूळ किमतीच्या ५ टक्के जादा द्यावे लागत. दोनशे डॉलरच्या घरातील वाद्यावर ही वाढ दहा डॉलरची होती आणि त्या काळच्या होतकरू वादकासाठी ती नगण्य नव्हती. दुकानदारही सहज खपणारा मालच मागवत. त्यामुळे जुन्या काळातील सनबर्स्टची लोकप्रियता ही काही अंशी ग्राहकाच्या पसंतीची, तर काही अंशी दरपत्रकाची देणगी मानावी लागते.

मोटारींचे रंग वाद्यांवर

फेंडरने साठच्या दशकाच्या प्रारंभी जादा दराच्या रंगांचा अधिकृत तक्ता प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेक रंग ड्युपाँ कंपनीच्या मोटारींसाठीच्या रंगांमधून घेतलेले होते. ‘फिएस्टा रेड’ हा फोर्ड थंडरबर्डचा, ‘लेक प्लॅसिड ब्लू’ व ‘सॉनिक ब्लू’ हे कॅडिलॅकचे, ‘सर्फ ग्रीन’ हा शेव्हरोलेचा, तर ‘शेल पिंक’ हा डिसोटोचा रंग होता. मोटारींसाठी तयार असलेला रंग विकत घेणे स्वस्त व सोयीचे होते आणि तरुण ग्राहकाला तो ओळखीचाही वाटे.

प्रसिद्ध वादकांमुळे काही रंगांना स्वतंत्र ओळख मिळाली. रश या वाद्यवृंदाचे गेडी ली यांच्या काळ्या जॅझ बेसवरून, तसेच रेड हॉट चिली पेपर्सचे फ्ली यांच्या १९६१ च्या शेल पिंक जॅझ बेसवरून फेंडरने पुढे त्यांच्या नावाची वाद्ये काढली. एके काळी फारसा न खपलेला गुलाबी रंग अशा रीतीने अनेक दशकांनंतर मागणीचा ठरला. मूळ काळातील खप आणि आजची लोकप्रियता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट होते.

अनुक्रमांक काय सांगतात

उत्पादनाची संख्या काढण्यासाठी अभ्यासक प्रथम अनुक्रमांकांकडे वळतात. फेंडरच्या बाबतीत हा मार्ग फार दूर नेत नाही. १९७६ पर्यंत अनुक्रमांक प्रामुख्याने वाद्याच्या मागील बाजूस, नेक जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर कोरलेला असे. एकच अनुक्रममालिका गिटार व बेस अशा निरनिराळ्या वाद्यांसाठी वापरली जाई आणि पट्ट्या क्रमवारीने बसवल्या जात नसत. त्यामुळे दोन क्रमांकांमधील अंतरावरून प्रिसिजन बेसची संख्या काढता येत नाही. रंगाचा तर त्यात उल्लेखच नसतो. रिकनबॅकर कंपनीच्या साठच्या दशकातील अनुक्रमांकांत वर्ष व महिना दर्शवणारी अक्षरे असत. परंतु वाद्य तांबूस ‘फायरग्लो’ आहे, नैसर्गिक लाकडाचे ‘मॅपलग्लो’ आहे की काळे ‘जेटग्लो’, हे त्यातूनही कळत नाही.

कारखान्यातून रवाना झालेल्या वाद्यांची नोंद असली तरी अडचण संपत नाही. गिब्सन कंपनीच्या ‘लेस पॉल स्टँडर्ड’ या गिटारचे उदाहरण याबाबत बोलके आहे. नोंदींनुसार १९५८ मध्ये अशी ४३४, तर १९५९ मध्ये ६४३ वाद्ये रवाना झाली. मात्र १९५८ मध्येच या वाद्याचा रंग सोनेरीवरून सनबर्स्ट झाला. त्यामुळे त्या वर्षीच्या ४३४ पैकी सनबर्स्ट किती, हे एकूण आकडा सांगत नाही. मोजणी प्रकारानुसार झाली होती, रंगानुसार नव्हे.

कंपन्यांचे मौन

आजच्या कारखान्यांत संगणकीकृत नोंदी असल्याने रंगनिहाय संख्या कंपन्यांना ठाऊक असणे स्वाभाविक आहे. तथापि, शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीला ती जाहीर करण्याचे बंधन नसते. कोणता रंग किती खपतो ही माहिती प्रतिस्पर्ध्यांच्या उपयोगाची असते. शिवाय दुर्मिळतेभोवतीचे कुतूहल विक्रीला पोषकच ठरते. संख्या जाहीर होते ती मुख्यतः मर्यादित आवृत्तीच्या वाद्यांची, कारण तेथे संख्या हीच जाहिरात असते.

एरवी आकडे बाहेर येतात ते कायदेशीर प्रसंगी. फेंडरने मार्च २०१२ मध्ये समभाग विक्रीसाठी अर्ज केला, तेव्हा २०११ मधील सुमारे ७० कोटी डॉलरच्या विक्रीची माहिती उघड झाली. जुलैमध्ये हा प्रस्ताव मागे घेण्यात आला. मे २०१८ मध्ये गिब्सनने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितले, तेव्हा कंपनी वर्षाला १ लाख ७० हजारांहून अधिक गिटार विकते, असे न्यायालयीन कागदपत्रांतून समजले. एवढ्या तपशिलातही रंगनिहाय हिशेब नव्हता.

पुरावा वाद्यातच

आकड्यांच्या या पोकळीचा आर्थिक परिणाम खरेदीदाराला भोगावा लागू शकतो. सामान्य सनबर्स्ट वाद्य खरवडून त्यावर दुर्मिळ रंग चढवला आणि तो मूळचा असल्याचे भासवले, तर ते खोडून काढणारी नोंदवही कारखान्याकडे नसते. काळही संभ्रमात भर घालतो. वरचा पारदर्शक लॅकर पिवळा पडल्याने लेक प्लॅसिड ब्लू हिरवट दिसू लागतो आणि ऑलिंपिक व्हाइट सायीसारखा होतो. सुरुवातीच्या तिरंगी सनबर्स्टमधील तांबडा रंग उडाल्याने ती वाद्ये दुरंगी भासतात.

म्हणूनच जाणकार वाद्याचीच तपासणी करतात. पिकगार्डखालील, उजेड न लागलेला रंग मूळ छटा दाखवतो. साठच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत रंग वाळवताना लाकडाला खिळ्यांचा आधार दिला जाई. त्या खिळ्यांची भोके रंगाने भरलेली आढळल्यास वाद्य पुन्हा रंगवल्याचा संशय बळावतो. अतिनील प्रकाशात जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर विशिष्ट झळाळी दाखवतो. नवा लेप तसा दिसत नाही. १९६८ च्या सुमारास फेंडरने पॉलिस्टरचा जाड लेप वापरण्यास सुरुवात केल्याने त्यापूर्वीच्या वाद्यावर असा लेप आढळणे हीदेखील धोक्याची सूचना ठरते.

एखादा रंग ‘दुर्मिळ’ आहे हे विधान बहुधा हयात वाद्ये, जुनी छायाचित्रे, दरपत्रके आणि व्यापाऱ्यांचा अनुभव यांवर आधारलेले अनुमान असते. ते चुकीचेच असते असे नाही. परंतु ते मोजणीचे फलित नसते. विक्रेत्याने ‘अशी केवळ इतकीच वाद्ये तयार झाली’ असे सांगितल्यास तो आकडा कोणत्या नोंदीतून आला, हा प्रश्न खरेदीदाराने किमतीची बोलणी सुरू करण्यापूर्वीच विचारणे हिताचे ठरते.