सांताक्रूझची घरे आणि हुंडणावळीचा भाव

सांताक्रूझ स्थानकाच्या पश्चिमेस घोडबंदरच्या जुन्या रस्त्यालगत आणि तेथून जुहूच्या वाटेवर जी बंगल्यांची व दुमजली घरांची वस्ती उभी राहिली, आणि जिचे तुरळक अवशेष उंच इमारतींच्या सावलीत अद्यापि तग धरून आहेत, तिचा इतिहास सामान्यतः प्लेग, आगगाडी आणि हवापालट या तीन कारणांनी सांगितला जातो. ही कारणे खोटी नाहीत. १८९६ च्या प्लेगाने मुंबईतील सधन कुटुंबांना माहीमच्या खाडीपलीकडे पिटाळले आणि रेल्वेने त्यांना तेथे राहून शहरात पेढी चालविण्याची सोय करून दिली, हे सर्वश्रुत आहे. परंतु घर बांधावयास इच्छा आणि जमीन यांखेरीज द्रव्य लागते व साहित्य लागते. ते द्रव्य प्रारंभी बव्हंशी शेअरबाजाराच्या आणि गिरण्यांच्या नफ्यातून येत असे, आणि साहित्याचा बराच भाग गोदीत उतरत असे. या दोन्ही ठिकाणचा कारभार पहिल्या महायुद्धानंतर एकाच सुमारास तेजीत आला आणि एकाच सुमारास विस्कटला, ही गोष्ट उपनगराच्या इतिहासात जितकी सांगावयास हवी तितकी सांगितली गेलेली नाही.

शेअरांची तेजी आणि जमीन यांचे मुंबईतील नाते त्याहून जुने आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा १८६३ ते १८६५ या काळात शहरात ज्या कंपन्या निघाल्या, त्यांतील सर्वांत मोहक कंपन्या समुद्र हटवून जमीन निर्माण करणाऱ्या होत्या. बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअराला पन्नास हजारांच्या घरात भाव आला होता, आणि ती जमीन तर अजून पाण्याखाली होती! १ जुलै १८६५ रोजी वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला आणि शेअरबाजाराचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांच्यापासून किरकोळ कारकुनांपर्यंत सर्वांचे दिवाळे वाजले, डॉ. भाऊ दाजी लाडांसारखा विद्वानही त्या लाटेत आपली संपत्ती गमावून बसला. सांताक्रूझ ज्यात येते ते साष्टी बेट त्या काळी या व्यवहारापासून दूर होते. तेथील गावे खोतीने दिलेली होती, बैरामजी जीजीभाई यांस १८३० साली मिळालेली सनद प्रसिद्धच आहे, आणि खोताला शेतसारा व ताडमाड यांच्या उत्पन्नापलीकडे जमिनीचे मोल दिसत नव्हते. ते मोल प्रथम ज्यांना स्पष्ट दिसले त्यांत जमशेटजी टाटा होत. जुहू तारा येथील सुमारे बाराशे एकर जमीन सुधारून तेथे एकेक एकराचे पाचशे प्लॉट पाडावे व माहीमचा बांध सांताक्रूझपर्यंत वाढवावा, अशी त्यांची योजना होती. १९०४ साली त्यांचे देहावसान झाले आणि योजना कागदावरच राहिली.

पुढली लाट १९१८ मध्ये आली. युद्धकाळात विलायती कापड येईनासे झाल्याने गिरण्यांनी अमाप नफा कमावला. शहराची लोकसंख्या १९११ च्या ९,७९,४४५ वरून १९२१ मध्ये ११,७५,९१४ वर गेली. घरभाडी इतकी चढली की सरकारास १९१८ साली भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. दलाल स्ट्रीटवर रोज नवी कंपनी निघत होती. बँका, विमा, जहाजे, सिमेंट, जमिनी, जे नाव सुचेल त्याचे भांडवल उभे राहत होते, आणि कारखान्याची वीट रचली जाण्यापूर्वीच शेअर अधिमूल्याने विकले जात होते. सरकारही या उत्साहापासून अलिप्त नव्हते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली डेव्हलपमेंट खाते स्थापिले, पन्नास हजार खोल्यांच्या चाळींचा, बॅक बेच्या पुन्हा भरणीचा आणि साष्टीत नव्या वसाहतींचा संकल्प सोडला, शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया जकात बसविली आणि साडेसहा टक्के व्याजाचे कर्ज काढले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला. सांताक्रूझ त्यात आले.

आता साहित्याकडे वळू. त्या काळच्या सांताक्रूझच्या घराचे जोते आणि भिंती पाहिल्या तर त्या स्थानिकच असत: कुर्ल्याचा आणि मालाडचा पिवळसर दगड जवळच्या खाणीतून गाडीवर येई, चुना घाणीत मळला जाई, वाळू खाडीची असे. छपरावर मंगलोरी कौले असत. जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळूरात काढलेल्या कारखान्यापासून हा उद्योग फोफावला होता आणि त्याचा माल पडावांतून किनाऱ्याकिनाऱ्याने येत असे. तुळया, वासे, दारे, खिडक्या यांना ब्रह्मदेशचे सागवान लागे, आणि ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानच्याच कारभारात असल्याने त्याच्या किमतीला जहाजभाड्याची झळ बसे, हुंडणावळीची, म्हणजे रुपया-पौंड विनिमयदराची, नव्हे. परंतु दोन मजले चढवावयाचे, रुंद गच्ची काढावयाची, न्हाणीघर आणि शौचकूप नव्या धर्तीचे करावयाचे म्हटले की मालकाला समुद्रापलीकडे पाहावे लागे. पोलादी गर्डर विलायतेहून येत. मुंबईतील जुनी घरे पाडताना डॉर्मन लाँग किंवा फ्रॉडिंगहॅम ही नावे उठविलेले गर्डर निघतात, ते त्याच काळाचे. सिमेंट लाकडी पिंपांतून येई आणि पावसाळ्यात गोदीत अडकले की त्याचा दगड होई. नक्षीच्या फरश्या, चिनी मातीची भांडी, काच, रंग, नळ, बिजागऱ्या, कुलपे हा सारा परदेशी माल. युद्धात जहाजे मिळेनात, सरकारच्या म्युनिशन्स बोर्डाने, म्हणजे युद्धसामग्री मंडळाने, पोलाद आणि सिमेंट यांवर हुकमत बसविली, आणि खासगी बांधकाम जवळजवळ ठप्प झाले. १९१९ मध्ये वाटा मोकळ्या झाल्या तेव्हा चार वर्षांची तुंबलेली मागणी एकदम उसळली.

येथे हुंडणावळीचा भाव येतो, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. युद्धापूर्वी रुपया एक शिलिंग चार पेन्सांचा होता. चांदी महागली तसा सरकारने तो पायरीपायरीने चढविला. चलनाच्या प्रश्नासाठी नेमलेल्या बॅबिंग्टन स्मिथ समितीने सोन्याच्या दोन शिलिंगांचा भाव सुचविला, आणि फेब्रुवारी १९२० मध्ये स्टर्लिंगच्या हिशेबाने रुपया दोन शिलिंग साडेदहा पेन्सांच्या आसपास पोहोचला. शंभर पौंडांच्या गर्डरांना युद्धापूर्वी पंधराशे रुपये पडत, ते आता सुमारे सातशे रुपयांत मिळणार होते. कोणता व्यापारी हा मोह आवरील? कापड, यंत्रे, लोखंड, बांधकामाचे सामान यांच्या मागण्यांचा विलायतेच्या पेढ्यांवर वर्षाव झाला. तेथील कारखान्यांना काम झेपेना, म्हणून माल सहा-आठ महिन्यांनी, कधी वर्षाने रवाना होऊ लागला. हुंडणावळ आगाऊ बांधून ठेवण्याची दक्षता फार थोड्यांनी घेतली, कारण चढता रुपया उतरेल असे कोणाला वाटलेच नाही. त्या समितीत एकटे हिंदी सभासद दादीबा मेरवानजी दलाल यांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडून एक शिलिंग चार पेन्स हाच भाव ठेवावा असे बजावले होते. हे गृहस्थ मुंबईच्या दलालीच्या धंद्यात मुरलेले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बाजाराची अवास्तव आशा बाजारातल्याच एका जाणत्या माणसाने ओळखली आणि लंडनच्या मुत्सद्द्यांनी व मुंबईच्या व्यापाऱ्यांनी सारखीच दुर्लक्षिली.

रुपया टिकविण्यासाठी सरकारने उलट हुंड्या, म्हणजे लंडनमध्ये पौंडांत वटणाऱ्या हुंड्या, विकल्या, साडेपाच कोटी पौंडांच्या ठेवी त्यात खर्ची घातल्या, आणि सप्टेंबर १९२० मध्ये हात टेकले. १९२१ च्या आरंभी रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. सातशे रुपयांत येणाऱ्या शंभर पौंडांच्या मालाला आता सोळाशे रुपये मोजावयाचे होते, आणि तोच माल नेमका गोदीत येऊन पडला होता. कापडाच्या व्यापाऱ्यांनी ठिकठिकाणी ठराव करून दोन शिलिंगांखालील भावाने हुंड्या सोडविण्यास नकार दिला. माल वखारीत साचला, दावे झाले, पतीला धक्का बसला. बांधकामाच्या सामानाचीही गत तीच झाली. सांताक्रूझला प्लॉट घेऊन बसलेल्या मनुष्याची यात दुहेरी कोंडी झाली, कारण ज्या शेअरांच्या भरवशावर त्याने पाया खणला होता त्यांचेही भाव याच वर्षांत ओसरू लागले. शेअर विकावा तर नुकसान, न विकावा तर गर्डर सोडविता येत नाही, आणि जोत्यापर्यंत आलेले काम पावसाळ्यात तसेच भिजत पडते.

शेअरबाजारातील गैरप्रकारांचा बोभाटा इतका झाला की १९२३ साली सर विल्फ्रेड ॲटले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली आणि तिच्या मागोमाग १९२५ चा वायदेव्यवहार नियंत्रणाचा कायदा आला. डेव्हलपमेंट खात्याची कहाणी त्याहून शोचनीय. चढ्या किमतीच्या सामानाने बांधलेल्या चाळींचे भाडे कामगारांना परवडेना, खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या, पन्नास हजारांचा संकल्प सुमारे साडेसोळा हजारांवर थांबला, आणि बॅक बेच्या भरणीवरून काँग्रेसचे पुढारी वीर नरिमन यांनी रान उठविले.

या पडझडीत एक गोष्ट मात्र भली झाली. पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंट निघाले तेव्हा देशाचे उत्पादन हजार टनांचेही नव्हते. युद्धाच्या तुटवड्याने कटनी आणि बुंदीचे कारखाने जगविले, आणि १९१९-२० च्या त्याच बेफाम तेजीत भांडवल जमवून निघालेले नवे कारखाने १९२२-२३ मध्ये चालू झाले, तेव्हा १९२४ चे उत्पादन अडीच लाख टनांच्या पुढे गेले. भागधारकांना त्यातून फारसे काही लाभले नाही, कारण कारखान्यांनी आपसांत भाव पाडून एकमेकांचे कंबरडे मोडले. लाभ घर बांधणाऱ्याचा झाला. सिमेंटच्या फरश्यांचा स्वदेशी उद्योग काढण्यासाठी सिधवा बंधूंनी १९२२ साली भारत टाइल्सची स्थापना केली आणि विलायती फरशीची मातबरी संपत चालली. सहकारी गृहरचनेचा जो धडा रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९१५ साली गावदेवीच्या सारस्वत संस्थेत घालून दिला होता, तो उपनगरात येऊन पोहोचला, आणि सांताक्रूझचे सारस्वत कॉलनी हे नाव आजही त्याची साक्ष देते. रेल्वेचीही साथ मिळाली: ५ जानेवारी १९२८ रोजी विजेची गाडी सांताक्रूझवरून बोरिवलीपर्यंत धावू लागली.

म्हणून सांताक्रूझच्या स्थापनेचे श्रेय १९२० च्या तेजीला द्यावे असे कोणी म्हटले, तर ते मला मान्य नाही. तेजीने येथे प्लॉट पाडले, नकाशे काढले आणि अर्धवट जोती मागे ठेविली. घरे उभी राहिली ती मंदीच्या दशकात, देशी सिमेंटवर आणि कारकून, वकील व शिक्षक यांनी दरमहा भरलेल्या हप्त्यांवर.