कानाने घडविलेली कठोरता

जर्मन ही कर्कश भाषा आहे, हा समज आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याचे मूळ शोधण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. या समजाचे वय मात्र फार मोठे नाही. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदकाराने १८८० साली जर्मन भाषेच्या व्याकरणाची यथेच्छ थट्टा केली. परंतु तिच्या नादाविषयी त्याची तक्रार नेमकी उलट होती. लढाई, स्फोट, गर्जना यांसाठी असलेले जर्मन शब्द इंग्रजी शब्दांच्या तुलनेत त्याला फिके आणि सौम्य वाटले होते.

पुढील सहा दशकांत भाषेचे वर्ण बदलले नाहीत. ती ऐकण्याचे प्रसंग बदलले. दोन महायुद्धे झाली, नभोवाणी आणि बोलपट आले. हिटलरची सभेतील आरोळी जगभर पोहोचली आणि चॅप्लिनने १९४० च्या ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये निरर्थक जर्मनसदृश शब्दांनी तिचे विडंबन केले. ती आरोळी घरगुती बोलण्याची नव्हती. थिओडोर झीब्स याने १८९८ साली रंगभूमीसाठी प्रमाण उच्चार सिद्ध केले, त्यांत जिभेच्या टोकाने कंपित केलेला ‘र’ अपेक्षित होता. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविण्याची ती रीत. जगाने व्यासपीठावरील आवाज ऐकला आणि तोच भाषेचा स्वभाव मानला.

महाराष्ट्राचा जर्मनशी परिचय मात्र वेगळ्या वाटेने झाला. गेओर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि फ्रान्झ कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. कीलहॉर्न यांनी संपादिलेले पतंजलीचे महाभाष्य मुंबईहून १८८० पासून प्रसिद्ध होऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ साली ग्योटिंगेन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. स. सुखटणकर बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकले. या पिढ्यांच्या लेखी जर्मन ही पाठभेदांची आणि तळटीपांची, म्हणजे शांतपणे वाचण्याची भाषा होती. याच काळात सामान्य घरांत ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ हे नाव पडले. तेथे हा शब्द स्वस्त, हलक्या वस्तूचा होता.

मराठी कानाला जर्मन वर्णमाला सर्वस्वी परकीही नाही. ‘काळ’ या अर्थाच्या ‘त्साइट’ शब्दाचा आरंभ आपल्या ‘चोर’ किंवा ‘चूल’ यांतील दन्ततालव्य ‘च’ने होतो, हिंदी भाषकाला जो वर्ण मुद्दाम शिकावा लागतो, तो मराठी माणसाच्या जिभेवर आधीच असतो. जोडाक्षरांची दाटी आणि लांबलचक समास यांचा सराव संस्कृताने करून दिलेला असतो. कानाला खटकतात त्या गोष्टी निराळ्या : घशातील घर्षण, शब्दान्ती ‘द’चा ‘ट’ होणे, आणि स्वराने सुरू होणाऱ्या शब्दापूर्वी घेतलेला सूक्ष्म अटकाव, ज्यामुळे वाक्य तुटक भासते. हे उच्चारणाचे विशेष आहेत, रागाचे नव्हेत.

या विवेकाचे महत्त्व इरावती कर्वे यांच्या उदाहरणाने ध्यानी येते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे मानवशास्त्राचे संशोधन करीत होत्या. फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे पुरस्कर्ते. पुढे नाझी राजवटीला त्यांच्या शास्त्राचा आधार मिळाला. मानवी कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध असावा, ही त्यांची अपेक्षा. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही असा निष्कर्ष आपल्या जर्मन प्रबंधात नोंदविला. ज्या भाषेत तो सिद्धान्त मांडला जात होता, त्याच भाषेत एका मराठी विदुषीने त्याला नकार दिला. क्रौर्य भाषेच्या वर्णांतच असते, तर तो नकार त्या भाषेत लिहिता आला नसता.

पुण्यामुंबईत विद्यार्थी आजही जर्मन शिकण्यासाठी ज्या माक्स म्युलर भवनाची पायरी चढतात, त्याच्या नावातही या समजाचे एक उत्तर आहे. वेदांचे संपादक माक्स म्युलर यांचे वडील विल्हेल्म म्युलर हे कवी होते. त्यांच्या दोन काव्यमालांना फ्रान्झ शूबर्टने १८२३ आणि १८२७ साली चाली दिल्या. ती गीते आजही मंद स्वरात, एका पियानोच्या साथीने, जर्मनमध्येच गायिली जातात.